मधूचा डावा कान

यंदा आमच्या घरामागच्या वावरात गजाननने ज्वारी पेरली. मेहकरच्या या वस्तीत घर बांधून मला वीस वर्षं झाली. मागच्या खिडकीतून आजवर सोयाबीन दिसायचं, ते निघालं की हरभरा. ज्वारी आता आमच्याकडे फारशी कुणी पेरत नाही. पाखरं खातात, सोंगायला-कापायला माणूस मिळत नाही, असं गजानन स्वतःच सांगायचा. यंदा त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी घरच्या ज्वारीच्या भाकरीचा हट्ट धरला म्हणून अर्ध्या एकरात टाकली. कार्तिक सरता सरता ताटं माणसाच्या वर गेली, कणसं दाटली, आणि एका सकाळी मी खिडकी उघडली तर तो वास आत आला. ओलसर, गोडसर, कोवळ्या दाण्यातल्या दुधाचा. मी खिडकी लावून घेतली.

पाखरांसाठी गजाननने वावरभर चमकत्या पट्ट्या बांधल्या आहेत. वारा आला की त्या फडफडतात. गोफण कुणाच्या हातात नाही, मचाण नाही, हाकारे नाहीत. तरी दुपारी कधी डोळा लागला तर मला हाकारे ऐकू येतात.

चार दिवसांपूर्वी त्याची बायको बोलवायला आली. "बाई, या ना हुरडा खायले. आगटी पेटवली हाये."

"दात राह्यले नाहीत वं माहे," मी म्हणाले.

दात माझे अजून शाबूत आहेत. एवढ्यातेवढ्यासाठी मी सहज खोटं बोलते. ती सवय मला ज्वारीच्या एका हंगामातच लागली.

या गावात मला लोक मधुकररावांची बहीण म्हणून ओळखतात. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण ओळख ती नाही. मधू माझा धाकटा भाऊ, चार वर्षांनी लहान. सुलतानपूरसारख्या गावातून निघून तो विमानांचा इंजिनियर झाला, परदेशात गेला आणि तिथून अवकाशात जाऊन आला. त्याच्याबद्दल वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून आलं. लोणार जवळ म्हणून एकाने त्याला 'उल्केच्या गावचा पोरगा' केलं. त्याचा डावा कान अधू आहे, हेही एकाने लिहिलं होतं. लहानपणी विहिरीत पोहताना कानाला इजा झाली, तरी जिद्द सोडली नाही, असं.

विहिरीचा काही संबंध नाही. तो कान मी फोडला.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. सरकारी कामाचं काही निघालं की बाबा अजून "नागपूरले जा लागते" म्हणायचे, आणि शाळेतले इंगळे गुरुजी त्यांना दुरुस्त करायचे, "आता मुंबई म्हना, मुंबई." मी सातवीत होते. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "उद्यापासून वावरात ये. राखणीले माणूस नाही." मला वाटलं, राखण संपली की परत जायचं. तसं मी मायला म्हणालेही. ती चूल फुंकत होती. फुंकणी खाली न ठेवताच म्हणाली, "आता कायले शाळा? सातवी झाली तरी मेहकरले कोण धाडते तुले?"

गुरुजी एकदा घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले, म्हणाले, "पोरगी हुशार हाये. परीक्षेपुरती तरी धाडा."

"पाहू," बाबा म्हणाले.

बाबांचं 'पाहू' म्हणजे नाही, हे गुरुजींनाही ठाऊक होतं. ते तांब्या खाली ठेवून उठले. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत.

त्या दिवसांबद्दल लिहिताना ते वाईट होते असं म्हणायला हवं. पण ते सुंदर होते. चार बाभळीच्या खांबांवर फळ्या टाकून, वर कडबा अंथरून बाबांनी मचाण केलं होतं. सकाळी चढायचे तेव्हा कडबा दवाने ओला असायचा आणि परकर गुडघ्यापर्यंत भिजायचा. खाली पाहावं तर सगळीकडे कणसंच कणसं, पांढरट हिरवी, वाऱ्याने एका बाजूला कलणारी. त्यापलीकडे तुरीची पिवळी फुलं, त्यापलीकडे कपाशी. पानांच्या कडांनी हातापायांवर ओरखडे उठायचे, घाम आला की ते चुरचुरायचे. दुपारी फडक्यात बांधलेली भाकर, जवसाची चटणी, कांदा. गोफण मला पहिल्या आठवड्यातच जमली. खडा सुटताना दोरीचा जो आवाज होतो, तो नीट यायला लागला की मनगटात काहीतरी जुळल्यासारखं वाटतं. शेजारच्या वावरात करीमचाचांचं मचाण होतं. थंडीत ते गावोगाव गाद्या भरायला जायचे, पण राखणीच्या दिवसांत वावर सोडायचे नाहीत. तिकडून ओरडायचे, "ए बेटी, तिकून राघू आले पाह्य." माझा खडा बरोबर पडला की, "वा, क्या हात है." शाळेत मला शाबासकी मिळायची ती मान हलवून. अशी मोठ्याने कुणी दिली नव्हती.

तेव्हा आनंद होता. पण संध्याकाळी मधू यायचा आणि त्या आनंदाचं काहीतरी व्हायचं.

तो चौथीत होता. शाळा सुटली की पाटी-दप्तरासकट थेट वावरात यायचा, मचाणावर चढून उताणा पडायचा आणि शाळेत काय झालं ते सांगत सुटायचा. कुणाला छडी मिळाली, कुणी खिडकीतून उडी मारली. त्याला काही लपवता यायचं नाही, आणि मला हे सगळं ऐकवू नये हे कळायचंही नाही. त्या वर्षी गुरुजींनी पोरांना सांगितलं होतं, की अंधार पडताना नीट पाहिलं तर एक चांदणी चालताना दिसते, आणि ती देवाने केलेली नाही, माणसाने वर सोडली आहे. मधू रोज तिची वाट पाहायचा. मी म्हणायचे, "पाखरं पाह्य, चांदण्या कायले पाह्यतं?" तो म्हणायचा, "तू हाये ना पाखरांले."

एका दिवशी तो आला तो पळत. शर्टाच्या आत काहीतरी लपवलेलं. मचाणावर चढला आणि माझी वही काढली. माझी गणिताची वही. गुरुजींनी कपाट आवरताना त्याच्याकडे दिली होती. बहिणीची आहे, नेऊन दे म्हणाले होते. दोन दिवस त्याने ती स्वतःकडे ठेवली होती. उघडून दाखवली. माझ्या शेवटच्या उदाहरणाच्या खाली, अर्ध्या कोऱ्या पानापासून पुढे, शेवटच्या पानापर्यंत त्याने चित्रं काढली होती. पंख असलेली, पंख नसलेली यंत्रं, शेपटीतून जाळ, आणि आत डोक्यावर मडकं घातलेला माणूस. सगळी पानं भरून टाकली होती.

"पाह्य ना, अक्का," तो म्हणाला. "तुले आता लागत नाही ना वही?"

त्याने खरंच विचारलं होतं. टोमणा नव्हता त्यात. नऊ वर्षांच्या पोराला टोमणा येत नाही. मला आठवतं, माझी पाठ वावराकडे होती. त्याच वेळी चिमण्यांचा मोठा थवा कणसांवर उतरला, तो मी ऐकला, पाहिला नाही. मी ओरडले, "पाखरं दिसत नाहीत काय बे तुले?" आणि उघड्या हाताने त्याच्या डाव्या कानाखाली दिली. महिनाभर गोफण फिरवून तो हात कसा झाला होता, ते मला माहीत होतं.

तो पडला नाही. खांबाला धरून उभा राहिला. रडलाही नाही. कानावर हात ठेवून म्हणाला, "अक्का, शिट्टी वाजून राह्यली."

"नाटकं नको करू," मी म्हणाले.

खाली उतरलो तेव्हा करीमचाचा बांधावर उभे होते. त्यांनी आधी मधूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वही मी कडब्यात खुपसून टाकली होती. घरी जाताना वाटेत मी मधूच्या कानाकडे पाहिलं. कानातून रक्ताचा बारीक ओघळ येऊन मानेवर सुकला होता.

मायने दिवा जवळ आणला. "काय झालं रे?"

मी दारात उभी होते. काय सांगायचं ते माझं ठरलं नव्हतं. तेवढ्यात मधूच म्हणाला, "इहिरीत उडी मारली. पाणी गेलं."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मायने तेलात लसूण तडतडवून ते कानात घातलं, ते चुकीचं होतं हे फार वर्षांनी कळलं. बाबांनी आधी त्याच्या पाठीत एक घातली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता घेऊन वावरात गेले. बोराटीच्या फांद्या तोडून त्यांनी विहिरीला चारी बाजूंनी कुंपण घातलं. दिवसभर ते काम चाललं होतं. संध्याकाळी त्यांच्या हातांत काटे होते, आणि ते सुईने काढायला त्यांनी मलाच बसवलं. "म्याच आंधी घालाले पाह्यजे होतं कुंपण," ते म्हणत होते. "माहीच चूक झाली." मी खाली मान घालून एकेक काटा काढत होते.

चार-पाच दिवसांनी करीमचाचा मला पाण्याच्या पाटावर भेटले. म्हणाले, "म्या कोणाले बोललो नाही. पण तू बोल, बेटी."

मी "हाव" म्हणाले. बोलले नाही. पुढच्या हंगामातही ते शेजारच्या मचाणावर होते. माझा खडा बरोबर पडला तरी "वा" म्हणायचे नाहीत. किंवा म्हणतही असतील, मला ऐकू येत नसेल.

कान दोन वर्षं वाहत होता. मेहकरच्या हकीमसाहेबांचं औषध झालं, दवाखान्यातले थेंब झाले. माय त्याच्या कानात कापसाचा बोळा घालून त्याला शाळेत पाठवायची. वाहायचा थांबला तेव्हा त्या कानाने त्याला अर्धंच ऐकू येत होतं. तो वर्गात पुढच्या बाकावर, डाव्या भिंतीला लागून बसायला लागला, आणि पुढे बसला म्हणून की काय, पहिला येऊ लागला. लोक हे आता कौतुकाने सांगतात. मला कुणी 'झालं ते चांगल्यासाठीच' म्हटलं की मी उठून आत जाते.

मेहकरची शाळा, मग अमरावतीचं कॉलेज. त्याला विमान चालवायचं होतं. कॉलेजात असताना सैन्यातल्या वैमानिकांच्या निवडीला गेला. लेखी झालं, मुलाखत झाली, हात आणि नजर किती जुळते ते पाहणारी, चकत्या फिरवायच्या यंत्रावरची परीक्षा झाली, सगळ्यांत तो वर होता. शेवटी डॉक्टरांची तपासणी. तोवर माझं लग्न झालं होतं. मी दिवाळीला माहेरी आले होते, कडेवर मुलगी होती. मधू परत येणार म्हणून मायने अनारसे केले होते. तो दोन दिवस आधीच आला. ट्रंक ओट्यावर ठेवली, तिच्यावरच बसला.

"कानानं घात केला," तो म्हणाला.

बाबा खाटेवर बसले होते. म्हणाले, "तवा सांगत होतो, इहिरीत उड्या मारू नको. आईकतं कोण?"

"हाव बाबा," मधू म्हणाला.

मी चहा आणला. कप त्याच्या हातात दिला. तिथे बोलायचं होतं. बाबा समोर होते, माय दारात होती, मधू होता. मी एकविसाची होते, कुणी मला मारणार नव्हतं. "साखर बरोबर हाये का?" मी विचारलं. आयुष्यात मी काय काय बोलले ते सगळं विसरले तरी ते वाक्य मला आठवत राहील.

बाबा मरेपर्यंत त्याला विहिरीवरून बोलत राहिले. रागाने नाही, सवयीने. मधू दर वेळी "हाव" म्हणत राहिला.

वैमानिक होता आलं नाही म्हणून तो विमानं बनवण्याच्या मागे लागला. इंजिनियर झाला, दक्षिणेतल्या एका विमानाच्या कारखान्यात लागला. त्याची पत्रं यायची. पंख वाऱ्यात कसा थरथरतो, आणि ती थरथर एका हद्दीपलीकडे गेली की लोखंडसुद्धा कसं कागदासारखं फाटतं, हे तो मला समजेल अशा भाषेत लिहायचा. तोवर माझ्या नवऱ्याने मला सातवीला बाहेरून बसवलं होतं, मी मास्तरकीचं ट्रेनिंग केलं होतं, शाळेत लागले होते. मधूची पत्रं मी वर्गात वाचून दाखवायचे. मग तो पुढे शिकायला परदेशी गेला. तिथे त्याने कानाचं ऑपरेशन करून घेतलं, फाटलेल्या पडद्याला दुसरा तुकडा जोडतात म्हणे. तिथेच नोकरी, तिथेच संसार. यान पृथ्वीवर परत येताना हवेशी घासून तापतं, त्याच्या बाहेरच्या आवरणावर त्याचं काम होतं. त्या कामातला माणूसच वर जाऊन प्रयोग करील असं ठरलं, तेव्हा ज्यांची नावं निवडली त्यांत त्याचं नाव होतं.

मग ते पत्र आलं. शाळेत आलं, हजेरी चालू असताना.

नेहमीच्या ख्यालीखुशालीनंतर त्याने लिहिलं होतं: 'अक्का, इथले डॉक्टर कानावर अडले आहेत. कान अधू आहे याची त्यांना फारशी चिंता नाही, इंजिनियरला तेवढं चालतं. पण पाण्यात बुडी मारताना पडदा फाटला असं माझ्या कागदांत पहिल्यापासून लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं, तसं असेल तर हा कान मुळात दाब सहन न करणारा आहे आणि वर धोका होऊ शकतो. बाहेरून मार लागून फाटला असेल तर गोष्ट वेगळी, तो फक्त अपघात. वैमानिकांच्या तपासणीतही याच कारणाने नाकारलं असावं, असं हे म्हणतात. मी आता खरं सांगितलं, पण त्यांना प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा शपथेवरचा कागद हवा. करीमचाचा असते तर त्यांना मागितला असता. तुला जमेल का?'

मी ते पत्र हजेरीपटात ठेवलं आणि पुढची नावं घेतली.

आजवर मला वाटत होतं, माझ्या हाताने त्याचं नुकसान केलं. आता कळलं की हातापेक्षा त्या गोष्टीने जास्त केलं, जी बोलायची राहिली. दारात उभं राहून मी "म्या मारलं" एवढं म्हटलं असतं, तर कागदावर तसं लागलं असतं, आणि तो कदाचित वैमानिकही झाला असता. आणि 'तुला जमेल का' असं त्याला मला विचारावं लागलं.

हे वाचून मी त्याच दिवशी तहसीलला जायला हवं होतं. मी गेले नाही. माय होती अजून. शाळेत मुलांना मारू नये म्हणून मी इतर शिक्षकांशी भांडायचे, त्यांची तोंडं दिसायला लागली. पोरीच्या लग्नाचं बोलणं चालू होतं. अशी अठरा दिवसांची कारणं मला सापडली. एकोणिसाव्या दिवशी गेले.

तहसीलच्या आवारात कडुलिंबाखाली अर्ज लिहून देणारे टाइपरायटर घेऊन बसायचे. त्यातल्या एका म्हाताऱ्याकडे गेले. मागे दोन-तीन माणसं उभी होती, त्यातला एक माझ्या शाळेतल्या पोराचा बाप. म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं, मला दोनदा सांगावं लागलं. टाइप करता करता तो मोठ्याने म्हणत होता, "माझा लहान भाऊ मधुकर याच्या डाव्या कानावर... उघड्या हाताने... मारले. बरोबर?"

"बरोबर."

"कारण काय लिहू, बाई? कारण लिहा लागते."

मागचा माणूस बघत होता. मी म्हणाले, "पाखरं. पाखरं राखत नव्हता म्हणून."

त्याने तसं लिहिलं. शपथेवर, शिक्क्यासकट.

कागद पोहोचायला उशीर झाला. मधूचं पत्र आलं: 'कागद मिळाला. या वेळी दुसऱ्याचं नाव लागलं. पुढच्या वेळी कामी येईल. तू त्रास घेतलास.' उशीर माझ्यामुळे झाला का, हे त्याने लिहिलं नाही. पुढची वेळ यायला तीन वर्षं लागली.

मायला मी स्वतः सांगितलं, तहसीलच्या माणसाकडून तिच्या कानावर जायच्या आत. ती तूर निवडत होती. ऐकून घेतलं, सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "तुह्या बापाले सांगाले पाह्यजे होतं. त्यो मरेपर्यंत त्या लेकराले बोलत होता." 

तो वर गेला तेव्हा गावात पेढे वाटले. ग्रामपंचायतीतल्या टीव्हीसमोर माणसं मावत नव्हती. आठ दिवस तो वर होता. शाळेत पोरं विचारायची, "बाई, ते उलटे झोपतात का? जेवतात कसे?" मी सांगायचे. मला सगळं पाठ होतं, त्याच्या पत्रांमुळे. पण डोक्यात एकच होतं, की माझा कागद खरा धरून त्यांनी त्याला वर सोडला आहे. मारल्याचं मी खरंच लिहिलं होतं. पण एकाच कागदात अर्धं खरं लिहिणाऱ्या बाईच्या उरलेल्या शब्दाचा काय भरवसा, असं मला स्वतःबद्दल वाटायचं. यान उतरल्याची बातमी आली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मी वर्गात जाऊन फळा पुसला. पुसलेलाच होता.

पुढच्या चैत्रात तो सुलतानपूरला आला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मला त्याच्या शेजारी बसवलं. एका वार्ताहराने विचारलं, "आकाशाची गोडी लहानपणी कोणी लावली?" मधूने माझ्याकडे हात केला. "अक्काने. तिच्यासोबत मचाणावर बसायचो. पाखरं ती राखायची, मी वर पाह्यत राहायचो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला नारळ दिला, साडी दिली. मी घेतली.

संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "मधू, कागदावर म्या कारण खोटं लिहिलं."

"कोणतं कारण?"

"पाखरांसाठी नाही मारलं तुले. पाखरं तर माह्यामागं होती. तू माही वही भरून टाकली होती अन् म्हणाला, तुले आता लागत नाही ना. त्यासाठी मारलं. तू शाळेत जाऊन राह्यला होता, म्हणून मारलं."

तो डावा कान माझ्याकडे करून बसला होता. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. पण गेलं होतं.

"मले वाटे पाखरांसाठीच मारलं," तो म्हणाला. "ते सोपं होतं, अक्का. पाखरांसाठी कोणीबी मारते." मग उठला. "हे नसतं सांगितलं तरी चाललं असतं." आणि आत जाऊन झोपला. जेवला नाही.

इतकी वर्षं त्याने मला ज्याची माफी दिली होती, ते मी केलंच नव्हतं. केलं होतं ते वेगळं, आणि ते त्याला पहिल्यांदा कळलं होतं. त्याच्यावर हे लादायचा मला काय अधिकार होता, हे मला अजून कळलेलं नाही. मनावरचं ओझं उतरवायला मी पुन्हा त्याचाच कान वापरला.

सकाळी मेहकरहून त्याच्यासाठी गाडी यायची होती. तो आंघोळ करून, बूट घालून ओट्यावर आला. मी आधीच तिथे बसले होते. तो माझ्या उजवीकडे बसला, मग उठला, मला वळसा घालून दुसऱ्या बाजूला, उजवा कान माझ्याकडे येईल असा बसला.

"एक सांग," तो म्हणाला. त्याच्या आवाजात माफी नव्हती, रागही नव्हता. "शाळेत तुले काय आवडे?"

 नवऱ्याने मला शिकवलं, मी शेकडो पोरांना शिकवलं, पण हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं. बाबांनी नाही, गुरुजींनी नाही, मीही नाही.

"व्याकरण," मी म्हणाले.

"व्याकरण? काऊन?"

"वाक्यात कर्ता कोन, ते शोधा लागे. गुरुजी फळ्यावर लांबलचक वाक्य लिहीत. बाकीच्याले कटाळा ये. मले मात्र..."

गाडी आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मधूने मान न वळवता हातानेच त्याला थांब म्हटलं.

"बोल," तो मला म्हणाला.